मेंदूच्या अभ्यासाला आलेली आमची मंडळी

किस्से गोळा करायचे म्हणून कुणी नोकरी धरत नाही. पण काही नोकऱ्याच अशा असतात, की संध्याकाळी घरी गेल्यावर चप्पल काढायच्या आत एखादा तरी तोंडातून बाहेर पडतोच. माझी नोकरी त्यातली. मी कात्रजला घरी पोचते, "आई, आज काय झालं माहितेय..." एवढंच म्हणते, की सासूबाई पोळी तव्यावरून उतरवून गॅस बंद करतात. नवरा टीव्हीचा आवाज घालवतो. आमच्या घरात बातम्यांनासुद्धा एवढा मान नाही!

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटंसं केंद्र आहे. तिथे मेंदूच्या आरोग्यावर संशोधन चालतं. वय वाढताना स्मरणशक्ती कशी बदलते, कुणाला डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश होतो, कुणाला होत नाही, आणि का, हे शोधायचं. त्यासाठी साठीच्या पुढची माणसं दरवर्षी एकदा आमच्याकडे येतात. ठणठणीत असलेली येतात, आणि विसरायला होऊ लागलंय तीही येतात. मी मानसशास्त्राची. शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढा, शंभरातून सात वजा करत जा, असले प्रश्न विचारणारी बाई म्हणजे मी. आमचे मुख्य डॉ. इंगळे. मूळचे अकोल्याचे. पुण्यात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण बोली अजून अकोल्यालाच राहते.

केंद्रातली एवढी दोन माणसं लक्षात ठेवलीत तरी पुरे. घाबरू नका, शेवटी विचारणार नाही!

बाकी सगळ्यांची नावं मी बदलली आहेत. माणसं मात्र तश्शीच आहेत.

*

सुरुवातीला माणसं मिळवणं हेच मोठं काम होतं. मी फोन करायची. "नमस्कार, आमचा एक अभ्यास सुरू आहे. आपण त्यात भाग घ्याल का?"

पलीकडून एक आजी म्हणाल्या, "माझा अभ्यास मॅट्रिकलाच संपला." ठक्क! फोन बंद.

दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "काय विकताय?"

"काही नाही काका. सगळं फुकट आहे."

"फुकट? मग तर नक्कीच काहीतरी विकताय!"

आणि तिसरे. त्यांना मी अगदी गोड आवाजात सांगितलं, की आम्ही ज्येष्ठांची स्मरणशक्ती तपासतो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "हे सगळं तुमचं मला गेल्या आठवड्यात सांगून झालंय. माझी राहू दे, आधी तुमची तपासा!"

मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. पण दोन-चार दिवसांनी दारात एक उंच, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ उभे. जिना चढून धाप लागलेली, हातात छत्री. म्हणाले, "दोनदा फोन करणाऱ्या त्या तुम्हीच ना? चला. बघू तुमचा अभ्यास."

हे परचुरे सर. निवृत्त गणिताचे शिक्षक.

*

परचुरे सरांची पहिली चाचणी मी जन्मात विसरणार नाही. सगळ्यात सोपे प्रश्न आधी असतात. स्थळाचं, काळाचं भान आहे ना, एवढंच बघायचं असतं.

"सर, आज कोणता वार आहे?"

"गुरुवार. का? तुम्हाला कुठे जायचंय?"

"नाही सर, असंच. आत्ता आपण कुठे आहोत?"

"तुमच्या केंद्रात. पत्ता तुम्हीच दिला होतात. चुकीचा दिलात का?"

"नाही, बरोबर. आपण कितव्या मजल्यावर आहोत?"

"तुमची लिफ्ट बंद आहे. तेव्हा हा प्रश्न माझ्या मेंदूला विचारू नका, गुडघ्यांना विचारा."

मी हसू दाबून पुढे सरकले. शंभरातून सात वजा करत जायचं. पाच वेळा केलं की आम्ही थांबवतो. सर पासष्टवर आले. मी म्हटलं, "पुरे सर."

"पुरे कसं? अठ्ठावन्न, एक्कावन्न, चव्वेचाळीस, सदतीस, तीस, तेवीस, सोळा, नऊ, दोन. बाकी दोन उरली. गणित अर्ध्यात सोडून उठायची सवय चांगली नाही."

मग आले डॉ. इंगळे. खुर्ची ओढून घेतली आणि आपल्या अकोल्याच्या मराठीत प्रेमाने विचारलं, "काय सर, आजकाल माणसांची नावं विसरून राहिले का तुम्ही?"

सरांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "विसरून राहत नाही. विसरतो आणि पुढे जातो!"

डॉक्टर इतके हसले की स्टेथोस्कोप टेबलाखाली पडला.

सरांचा खरा किस्सा मात्र पुढच्या वर्षीचा. दुसऱ्या वर्षी आम्ही एक अवघड प्रश्न विचारतो. मृत्यूनंतर संशोधनासाठी मेंदू दान करायची तयारी आहे का? आजार नेमका कसा पसरतो हे शेवटी मेंदूतच दिसतं, म्हणून. विचारताना माझा आवाज दरवेळी खाली जातो. सरांबरोबर त्यांचा मुलगा आणि सून आले होते. मुलाचा चेहरा उतरला. "बाबा, हे आपण घरी जाऊन बोलू."

"घरी कशाला? घरात माझा मेंदू आजवर कुणी वापरला नाही. इथे निदान उघडून तरी बघतील!"

आणि सही करून मोकळे!

जिन्यापर्यंत मी त्यांना सोडायला गेले. कठड्याला हात टेकून सर थांबले. म्हणाले, "माझी थोरली बहीण शेवटी शेवटी मला 'बाबा' म्हणायची. आमच्या वडिलांना बाबा म्हणायचो आम्ही. सगळे म्हणाले, वय झालं, असं व्हायचंच. कुणी एक प्रश्न विचारला नाही हो तिला. आता कुणीतरी प्रश्न विचारतंय, तर उत्तर द्यायला नको का?"

छत्री टेकत ते खाली उतरले.

*

आमच्याकडे मार्क सांगायची पद्धत नाही. पण पुण्यातल्या माणसाला परीक्षा दिली आणि निकाल नाही, हे सहनच होत नाही.

आपटे म्हणून एक काका आहेत. चाचण्या संपल्या की दरवर्षी विचारतात, "पास की नापास?"

"काका, यात पास-नापास नसतं."

"मग मी कट्ट्यावर काय सांगू?"

त्यांचा रोज सकाळी बागेत फिरून आल्यावर मित्रांचा कट्टा जमतो. पहिल्या वर्षी तिथे जाऊन त्यांनी छाती काढून जाहीर केलं, "माझ्या मेंदूवर संशोधन चालू आहे!"

कट्ट्यावरचे एक जण वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "अरे वा! म्हणजे सापडला?"

आपटेकाकांनीच हे मला येऊन सांगितलं, आणि सांगताना स्वतः खो खो हसले. पण खरी गंमत पुढे. महिन्याभरात तो अख्खा कट्टा आमच्या जिन्यावर रांगेत उभा! वर्तमानपत्रवाले सगळ्यात पुढे.

मी विचारलं, "तुम्ही सगळे कसे काय?"

तेच म्हणाले, "आपट्याचा सापडतो, तर आमचा का नाही सापडणार?"

*

नलूताई हौशी रंगभूमीवरच्या. तरुणपणी नोकरी सांभाळून नाटकांत कामं करायच्या. आमच्याकडे आल्या तरी दारातून प्रवेश घ्यायच्या, नुसत्या आत यायच्या नाहीत. बरोबर मुलगी असायची, अश्विनी.

एका वर्षी मी त्यांना घड्याळ काढायला सांगितलं. गोल, आकडे, आणि अकरा वाजून दहा मिनिटं झाल्याचे काटे. नलूताईंनी सुंदर गोल काढला. आकडे मांडले. आणि पेन्सिल खाली ठेवली. काटे नाहीत.

"नलूताई, काटे?"

"सेल संपलाय!"

मी हसले. शेजारच्या टेबलावरची नर्स हसली. दारातून डोकावणारे डॉक्टर हसले. हसली नाही ती फक्त अश्विनी.

नलूताईंच्या ते लक्षात आलं. त्या वळल्या आणि मुलीला म्हणाल्या, "तूही हस की गं. मला माहितेय काटे राहिलेत ते. कुठे काढायचे, तेच समजेना. मग म्हटलं, टाळी तरी घ्यावी."

मग त्यांनीच माझ्या हातावर हात ठेवला. "हे बघ, मी बरी आहे असं सांगायला मी इथे येत नाही. माझ्यातून काय काय जातंय, कसं जातंय, ते तुम्हाला आतून सांगणारं कुणी हवं ना? मला सांगता येतंय तोवर सांगते मी."

आणि त्या सांगत राहिल्या. एवढं नेमकं सांगणारं माणूस मी पाहिलेलं नाही. "शब्द जातच नाही गं. जिभेपर्यंत येतो, प्रेक्षक बघतो आणि विंगेत परत पळतो." डॉक्टर वही उघडून समोर बसायचे. एरवी आम्ही विचारतो आणि माणसं उत्तर देतात. नलूताई सांगायच्या आणि आम्ही शिकायचो.

पुढच्या वर्षी आल्या तेव्हा चालणं मंदावलं होतं. प्रवेश मात्र तस्साच! मी घड्याळाचा कागद पुढे केला. त्यांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, नुसता एक गोल काढला, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"यंदा एवढंच. घाई कुणाला आहे!"

या वेळी आधी हसली ती अश्विनी.

*

आमच्या अभ्यासात प्रत्येकाबरोबर एक जोडीदार लागतो. म्हणजे नवरा-बायको असंच नाही. रोजचं वागणं-बोलणं जवळून बघणारं कुणीही. त्यांना आम्ही वेगळं बसवून विचारतो, की माणसात काही बदल जाणवतो का?

कालिंदी दामले एकट्या राहतात. त्यांनी जोडीदार म्हणून मुलाचं नाव दिलं. मुलगा हिंजवडीला आयटीत. त्याला व्हिडिओ कॉल लावला.

"आई ना? शी इज अ‍ॅबसोल्यूटली फाइन! एकदम फिट."

"औषधं वेळेवर घेतात?"

"घेत असेल. आय मीन, घेतेच."

"स्वयंपाकात काही फरक? मीठ जास्त पडणं, गॅसवर काही राहणं?"

"वीकेंडला आम्ही बाहेरूनच मागवतो. पण रोज बोलतो हां आम्ही, व्हिडिओवर."

दामलेकाकूंना बाहेर बसवलं होतं, पण सगळं ऐकू गेल्यावर त्या आत आल्या. माझ्या हातातल्या फोनकडे बोट करून म्हणाल्या, "बंद करा ते. गुणी आहे हो माझा मुलगा, पण व्हिडिओवर त्याला माझं फक्त कपाळ दिसतं."

"मग काकू, दुसरं कुणी आहे? मैत्रीण वगैरे?"

त्या जरा विचारात पडल्या. "आहे. पण तिचं-माझं बोलणं नाही."

आणि पुढच्या वेळी खरोखरच घेऊन आल्या! समोरच्या फ्लॅटमधल्या शरयूताई. गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी खाली गळण्यावरून दोघींचं कधीतरी वाजलं होतं. तेव्हापासून अबोला. मी चक्रावून विचारलं, "काकू, बोलणं नाही, मग यांनाच का आणलंत?"

"बोलणं नाही. लक्ष आहे! माझ्याकडे हिच्याइतकं लक्ष अख्ख्या पुण्यात कुणाचं नाही."

शरयूताईंना आतल्या खोलीत बसवलं. त्यांनी खांद्यावरची पर्स मांडीवर घेतली आणि जे सुरू केलं, ते मला लिहून घेताना दम लागला. "पूर्वी सकाळी रेडिओ लावायच्या, आता लावत नाहीत. कुकर लावतात, पण शिट्ट्यांचा हिशोब चुकतो. चाव्या शोधताना स्वतःशी बोलतात. परवा दार सताड उघडं टाकून भाजीला गेल्या."

"अरे बापरे! मग?"

"मग काय? मी दार ओढून घेतलं आणि त्या येईपर्यंत जिन्यात बसून राहिले."

"त्यांना सांगितलंत?"

"सांगणार कसं? आमचं बोलणं नाही ना!"

त्यांच्या त्या माहितीमुळे डॉक्टरांना काकूंचं दुखणं वेळेत कळलं. औषध सुरू झालं, मुलाला सगळं नीट समजावलं. मुलगा आता शनिवारी स्वतः येतो, कपाळापलीकडचीही आई बघतो.

शरयूताई आल्या होत्या, त्या दिवशी निघताना मी खिडकीतून खाली पाहिलं. दोघी एकाच रिक्षात बसल्या. एक या बाजूने बाहेर बघत होती, दुसरी त्या!

*

सुमनकाकूंची गोष्ट अगदी लहान आहे.

त्यांच्या यजमानांना स्मृतिभ्रंश आहे. ते दिवसभर त्यांना हाका मारतात. समोर असल्या तरी मारतात. काळजी घेणाऱ्यांच्या मेंदूवर या सगळ्याचा काय परिणाम होतो, हेही आम्ही बघतो. म्हणून सुमनकाकू स्वतःसुद्धा आमच्या अभ्यासात आहेत. एमआरआयसाठी आम्ही माणसांना जवळच्या एका हॉस्पिटलात नेतो; तिथे त्यांची वेळ आली. यजमानांना माझ्याजवळ बसवून त्या आत गेल्या.

एमआरआयचं यंत्र किती आवाज करतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. धाड धाड, ठक ठक, कुणी डोक्याशी पत्रा बडवतंय असं वाटतं. धडधाकट माणसं आत घाबरतात. तंत्रज्ञ काचेपलीकडे काळजीत, की काकू हलल्या तर सगळं पुन्हा करावं लागेल. काकू तसूभरही हलल्या नाहीत. तपासणी संपली, तरी उठेनात! तो धावत आत गेला. बघतो तर काकू गाढ झोपलेल्या.

"काकू! अहो, एवढ्या ठणठणाटात झोप कशी लागली तुम्हाला?"

काकूंनी डोळे चोळले. "नुसता आवाजच होता ना रे. हाक कुणी मारत नव्हतं."

तंत्रज्ञ बाहेर आला आणि थेट हात धुवायला गेला. पुढच्या वर्षीपासून डॉ. इंगळ्यांनी सुमनकाकूंची वेळ दुपारच्या सुट्टीच्या आधीची ठेवायला सांगितली. "तपासणी झाली की लगेच उठवून नका राहू बाप्पा त्यांना," म्हणाले, "जेवण होईपर्यंत ते यंत्र तसंही रिकामंच असते."

*

फक्त पेठेतल्या माणसांवर अभ्यास करून भागत नाही. म्हणून आम्ही लोणी काळभोरलाही जातो. तिथे शाळेच्या एका वर्गात आम्ही टेबलं मांडतो. पहिल्या वर्षी सगळ्यात आधी आल्या त्या हौसाबाई. माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "आमी येड्या हाय का न्हाय ते बघाया आलीस व्हय गं?"

"नाही हो मावशी! तुमची आठवण कशी आहे ते बघायला आलेय."

"आटवन लई चांगली हाय. कोन कोन माझ्याशी कसं वागलं, समदं याद हाय!"

मी त्यांना शब्द सांगितले. घंटा, गाजर, रेशीम, पूल, निळा. ते लक्षात ठेवायचे आणि थोड्या वेळाने परत सांगायचे. हौसाबाईंनी सगळे बरोबर सांगितले. जाताना मात्र विचारलं, "ह्ये इचारून काय व्हतं?"

डॉक्टर त्यांच्या शेजारच्या बाकावर बसले आणि नीट समजावून सांगितलं. म्हातारपणी माणूस वाट चुकतो, घरच्यांना ओळखत नाही, तो एक आजार आहे. हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझी सासू वाट चुकायची. लोकं म्हनायची, बाधा झाली. अंगारा लावला, उतारा टाकला. आजार हाय म्हनून कुनी सांगितलंच न्हाय. म्या बी रागं भरायची तिला." पदराने डोळे पुसले आणि उठल्या. "समद्या बायांना धाडते."

आणि धाडल्या! आमची टेबलं अपुरी पडली.

पुढच्या वर्षी आमची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. ओट्यावर बसलेल्या बायकांनी आम्हाला पाहिलं आणि एका सुरात गजर झाला, "घंटा! गाजर! रेशीम! पूल! निळा!"

मी गाडीतच डोकं धरून बसले. अख्ख्या गल्लीला शब्द पाठ! ज्या बायका मागच्या वर्षी आल्याच नव्हत्या, त्यांनाही पाठ! एक छोटी मुलगी तर टाळ्या वाजवून म्हणत होती!

डॉक्टर खाली उतरले. "हौसाबाई, काहून शिकवले सगळ्यांना?"

"मग! पुन्याच्या बायांम्होरं आमच्या गल्लीनं खाली मान घालायची व्हय?"

सुदैवाने आमच्याकडे शब्दांचा दुसरा संच असतो. तो वापरला. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. मध्यंतरी गावातले एक म्हातारे बाबा घर विसरून हायवेच्या बाजूला निघाले होते. हौसाबाईंनी त्यांना पाहिलं, हाताला धरून सावलीत बसवलं आणि त्यांच्या मुलाला बोलावून सांगितलं, "बाधा-बिधा काय न्हाय. आजार हाय त्यो. डाक्टरला दाव." मुलगा बापाला घेऊन आमच्याकडे आला होता. त्याला आमचा पत्ता कुणी दिला, ते तेव्हा आम्हाला कळलंच नव्हतं.

परत निघताना डॉक्टर खुशीत होते. "पाहा मॅडम, एवढा प्रचार आपला दहा हजार पत्रकं वाटूनही झाला नसता." गाडी सुरू झाली. आणि मागून, ओट्यावरून, हौसाबाईंचा खडा आवाज आला:

"म्हना गं माझ्यामागं! कंदील... पेरू... मखमल..."

*

आता भागवतकाकांचं सांगते.

काका वीजमंडळातून निवृत्त झालेले. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असताना ते आमच्याकडे आले. बरोबर विजयाकाकू. काका अभ्यासात आले, पण काकूंना किती वेळा विचारलं तरी त्या तयार झाल्या नाहीत. सुईची भीती होतीच. पण खरं कारण त्यांनी एकदा मला हळूच सांगितलं. "माझं नको गं बघूस. दोघांपैकी एकाला तरी काही माहीत नसलेलं बरं."

दरवर्षी रक्त घेण्याआधी आम्ही माणसाला सगळं पुन्हा समजावून सांगतो आणि पुन्हा विचारतो. तो नियमच आहे. पहिल्या वर्षी काकांनी मला विचारलं, "यात माझा काय फायदा?"

मी खरं तेच सांगितलं. "तुम्हाला होईलच असं नाही काका. पण मागून येणाऱ्यांना होईल."

काकांनी मान हलवली. "मागून येणाऱ्यांची सोय बघायलाच हवी. घ्या." आणि शर्टाची बाही वर केली.

दुसऱ्या वर्षी ते आदल्या वर्षीचं विसरले होते. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, पुन्हा विचार केला, पुन्हा तेच म्हणाले, आणि पुन्हा बाही वर केली. तिसऱ्या वर्षीही तेच. दरवर्षी ते अगदी पहिल्यांदा ऐकत, आणि दरवर्षी पहिल्यांदा हो म्हणत!

यंदा आले तेव्हा आजार बराच वाढला होता. सही काकूंनीच केली. तरीही मी काकांच्या समोर बसून सगळं सांगितलं. ऐकतायत की नाही, कळत नव्हतं. शेवटी म्हटलं, "काका, हे मागून येणाऱ्यांसाठी आहे."

"मागून येणाऱ्यांसाठी?" त्यांनी विचारलं. आणि बाही वर केली.

नर्सने रक्त घेतलं, कापूस दाबून धरायला सांगितलं. काका कापूस दाबून नीट ताठ बसले होते. मग त्यांचं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे गेलं. तिथे काकू बसल्या होत्या, पर्स मांडीवर धरून. काका त्यांच्याकडे जरा झुकले, आणि परक्या बाईंशी बोलावं तसे अदबीने म्हणाले, "आपणही याच्यासाठीच आलात का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. "नाही हो. मी आपली... सोबत आलेय."

"कुणाच्या?"

काकूंनी पर्सचा पट्टा सरळ केला. "आहेत एक जण."

"मग आपणही द्या ना. फारसं दुखत नाही. मागून येणाऱ्यांच्या उपयोगी पडतं म्हणतात."

"मला भीती वाटते," काकू म्हणाल्या.

"घाबरू नका," काका म्हणाले. "मी बसतो ना इथे. तुमचं माणूस येईपर्यंत मी कुठे जात नाही."

काकूंनी मांडीवरची पर्स उचलून काकांच्या हातात दिली, आणि बांगड्या वर सारल्या.